व्योमजेचा डावा हात

सातपूर, नाशिक
ता. १२ ऑगस्ट १९९६

ती. सौ. भागीअक्कास,
नाथाचा सा. न. वि. वि.

यंदा माझ्या हातून काय काय झालं ते आधी ऐक. कंपनीच्या ओतकामासाठी पंपाच्या झाकणाचे अकरा लाकडी साचे. तुझ्या भावजयीला, छायाला पोळपाट. दीपमालेला अंथरुणात बसून वाचता यावं म्हणून उतरतं मेज, एकही खिळा न मारता. आणि आता तिची व्योमजा. सगळं सातवी पास माणसाने, कुणाच्या हाताखाली न शिकता.

व्योमजा कोण, ते तुला कुठून ठाऊक असणार! तुझ्या भाचीच्या कॉमिक्समधली लढवय्यी, दुसऱ्या ग्रहावरून आलेली. तिला मरण नाही. छातीतून भाला आरपार गेला तरी पुढच्या अंकात ही उभी. तिच्या रबरी बाहुल्या निघाल्यात, हौशी लोक जमवतात. मी एक पाहिली. कमरपट्ट्यावर सहाच टिकल्या! अंकात नऊ आहेत, मी भिंगातून मोजल्या. माझी सागवानी, चौदा इंच, नऊच्या नऊ टिकल्या पितळी.

एक सुधारणा मात्र केली. अंकात ती तलवार डाव्या हातात धरते, मी उजव्या हातात दिली. आपली पोरगी आधीच डावरी, घरात आणखी एक नको. दीपमालेने पाहिली, छान आहे म्हणाली, आणि फळीवर ठेवायला सांगितली.

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन डॉक्टर दिवाळीनंतर करू म्हणतात, अंगात जरा ताकद आली की. अकरा वर्षांची झाली, पण वजन आठ वर्षांच्या पोरीचं. दाजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा,
नाथा


चांदवड
ता. २१ ऑगस्ट १९९६

चि. नाथास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. टिकल्यांचं वाचून तुझे दाजी म्हणाले, हा बाबा चांदण्या बी मोजून घेईल.

मे महिन्यात पोरगी इथं होती, तवा डाव्या हातानं मीठ वाढाया लागली. मी पळीच मारली हातावर. रडली नाय. आत्या, व्योमजा बी डावरीच हाय अन् तिला कुणी मारत नाय, म्हणाली. तवा मला हसू आलं. तुझं पत्र वाचल्यापासून तेच डोक्यात फिरतंय.

नऊ टिकल्या भिंगातून मोजतोस अन् पोरीचं तोंड वाचता येत नाय तुला? फळीवर ठेवा म्हणाली म्हंजे आवडली नाय. हात बदल बाबा, लगेच बदल.

पोरीच्या डाव्या हाताचा माझ्या नावानं मुका घे.

तुझी,
अक्का


सातपूर, नाशिक
ता. ३ सप्टेंबर १९९६

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

हात बदलीन, पण फुकट नाही. दीपमालेला सांगितलं, उजव्या हाताने एक पान सुवाच्य लिहून दाखव, त्याच दिवशी करवत घेतो. तिने मान डोलावली. दिवाळीपर्यंत वेळ आहे. वळण लागलं तर जन्माचं भलं होईल. तू रागावू नको.

लोभ कमी न व्हावा.

नाथा


सातपूर, नाशिक
ता. १४ नोव्हेंबर १९९६

अक्का,

तू दीपमालेचं दहावं-तेरावं उरकून गेलीस, त्यानंतर तिची गादी उचलली. खाली वही होती. सात ओळी आहेत. उजव्या हाताच्या, कारण अक्षर थरथरलंय. तिसरी ओळ चारदा खोडलीय. आठव्या ओळीवर नुसती तारीख, सोळा ऑक्टोबर.

छाया सांगते, बसवत नव्हतं तरी मेज मागायची. बाबांना सांगू नको म्हणायची, पान पुरं झालं की दाखवीन.

काल व्योमजेचे दोन्ही हात खांद्यापासून कापले. उजवा हात डावीकडे बसत नाही, अंगठा उलटा पडतो. म्हणून दोन्ही नवे कोरले. तलवार डाव्या हातात दिली. लाकूड दुसऱ्या ओंडक्याचं आहे, सांध्याची रेघ दिसते. मला ती बुजवता येते. बुजवणार नाही.

तू लगेच बदल म्हणाली होतीस.

नाथा


चांदवड
ता. ५ मार्च २००५

चि. नाथास आशीर्वाद.

छाया फोनवर सांगत होती, मुंबईचा कुणी माणूस व्योमजा बघाया आला अन् तू त्याला चहा पाजून वाटंला लावलास. अरे, त्याच्याकडं काचंच्या कपाटात राहील, चार माणसं बघतील. आपण दोघं किती दिवसांचे? देत तरी किती होता?

तब्येतीला जप.

अक्का


सातपूर, नाशिक
ता. १६ मार्च २००५

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

माणूस जाणकार होता. व्योमजेचे अंक छापायचे बंद झालेत, म्हणून आता ती जमवणारे वाढलेत, म्हणाला. त्याच्याकडे तिच्या साठ मूर्ती आहेत, लाकडी एकही नाही. त्याने टिकल्या मोजल्या आणि नऊ, म्हणाला. नऊ वर्षांत टिकल्या मोजणारा तो पहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग खांद्यावरून बोट फिरवलं. एवढी रेघ बुजवून, रंग मारून द्या म्हणाला. मी म्हटलं, रेघ राहणार. तो म्हणाला, बरं, आहे तशीच द्या.

अक्का, माझ्या हातून आजवर एकच काम चुकलं. ते दुसऱ्याच्या कपाटात कसं ठेवू? ती फळीवर नसते आता. दीपमालेच्या मेजावर असते, वहीशेजारी. सातव्या ओळीच्या पुढचं पान मी लिहितो. डाव्या हाताने. अजून सुवाच्य येत नाही.

दाजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा धाकटा,
नाथा

ता. क. आकडा विचारला होतास. आहे तशीच घेऊन रोख चाळीस हजार रुपये देत होता. नाही म्हणालो.