सोडलेली वायर

प्रिय धाकटे,

गिटारच्या पोटातला तांब्याचा पत्रा मी सोलून काढत होतो आणि तू पाठीमागे उभी राहून टोमणे मारत होतीस, की दादाच्या हाताला कसब आहे, कान तेवढे नाहीत. चार दिवस खपून मी तो बसवला होता, तारांचा सूर पकडणाऱ्या पिकअपच्या वेटोळ्यांभोवतीसुद्धा. बाहेरची खरखर आत शिरेना, पण वरच्या सुरांची धारही गेली. आवाजावर गोधडी घातलीस, म्हणालीस. मला पटलं होतं. कबूल केलं नाही.

पत्रा निघाला, धार परतली, खरखरही. तारांवर हात ठेवलास की ती दबायची. पण तिच्याखाली एक जाड घरघर होती, ती हलेना. ती गिटारची नव्हतीच. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माइकचा मिक्सर, दोन्हींना अर्थिंग. त्या दोन वाटांच्या फेऱ्यात ती फिरत होती. तू चहा ठेवायला आत गेलीस. मी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग उघडला, अर्थिंगची वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली. घरघर थांबली. तू येऊन वाजवलंस आणि पहिल्यांदाच म्हणालीस, जमलं रे तुला. काय केलं ते विचारलंस. कारागिराचं गुपित, म्हणालो.

मग तू नोकरी सोडलीस आणि मी नको ते बोललो. त्याला दोन महिने झाले.

आज दुपारी दुकानात दुरुस्तीला अगदी तुझ्याच्यासारखा जुना अ‍ॅम्प्लिफायर आला. झाकण काढलं. आतल्या मेन वायरीचं आवरण उष्णतेनं भुगा झालं होतं. उघडं तांबं धातूच्या चौकटीला टेकायला केसभर बाकी. टेकलं आणि अर्थिंग असलं, तर फ्यूज उडतो. नसलं, तर वीज गिटारच्या तारांपर्यंत येऊन थांबते. कळत नाही. आवाजही स्वच्छ असतो. तू गाताना ओठ माइकला टेकवतेस, आणि माइकला मिक्सरचं अर्थिंग आहे.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. तुझ्या साथीदारांपैकी कुणाचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हे लिहिलं. उद्या स्वतः आणून देतो. माझ्यावरचा राग राहू दे. तो अ‍ॅम्प्लिफायर लावू नकोस.

तुझाच,
दादा

ता. क. सकाळी साडेसातला तुझ्या घरी आलो. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, तू आणि तुझे साथीदार पहाटेच गेलात, कार्यक्रमाला. अ‍ॅम्प्लिफायरचा तो जड खोका दोघांनी मिळून गाडीत चढवला. कुठे, ते त्यांना माहीत नाही.