पिलांसाठी आलेली वाटी

१२ फेब्रुवारी १९९७, बुधवार

आलो एकदाचे नाशिकला! टेम्पोतल्या सामानात एक कपबशीसुद्धा फुटली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण दोऱ्या आल्हादने बांधल्या होत्या आणि त्याच्या गाठींवर माझा काडीचाही विश्वास नाही. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला छोटासा भाड्याचा बंगला. मागे कमरेएवढी भिंत आणि पलीकडे झेंडूचं नि गुलाबाचं शेत. नवऱ्याच्या बदलीपायी पुण्याची शाळेतली नोकरी, प्राणिशास्त्राचे तास, सगळं सोडून आले, पण मागच्या दारातून ते शेत पाहिलं आणि रुखरुख निम्मी झाली. तीन महिन्यांची आमची मृण्मयी नव्या घरात पहिल्याच दुपारी ढाराढूर झोपली.

भिंतीला लागून एक जुनं जांभळाचं झाड आहे आणि नेमकी त्याच्याखालीच कपड्यांची तार. म्हणजे जूनमध्ये लेकीची सगळी दुपटी जांभळी! घरमालक गंगाधरपंतांना म्हटलं, हे झाड तेवढं काढता आलं तर बघा. ते लगेच हो म्हणाले. फार भला माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झाड पाडलं. ढोलीत खारीचं घरटं होतं, ते कुणाला ठाऊक! आई फांदीखाली चिरडली. तीन पिलं राहिली. करंगळीएवढी, मिटलेल्या डोळ्यांची, गुलाबी. माझ्या दुपट्यांपायी हे झालं, म्हणून मला रडूच कोसळलं.

शेताच्या मालकीण चतुराबाई भिंतीशी आल्या होत्या. बुंध्याकडे पाहत म्हणाल्या, आमाला आदी इचारायचं व्हतं, ताई. मग पिलं पाहून जरा नरमल्या. शेळीचं दूध लागंल, कुठं मिळतंय का बघते, म्हणाल्या. उद्या त्या भाच्याच्या लग्नाला सायखेड्याला जाणार आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

आल्हाद म्हणतो, आधीच एक तान्हं, त्यात आणखी तीन. म्हणू दे. पिलं गार पडली होती, म्हणून आधी फक्त ऊब दिली. बुटांचं खोकं, कापूस, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. गारठलेल्या पिलाच्या तोंडात काही घातलं तर ते पचत नाही. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगात पाणी नाही. मग जलसंजीवनीचं कोमट पाणी, ड्रॉपरने, थेंब थेंब. पिलू पालथं धरायचं, उताणं कधीच नाही, नाहीतर नाकातून फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून हळूच पुसायचं, त्याशिवाय त्यांना शू होत नाही. हे काम एरवी आई जिभेने करते.

दर अडीच तासांनी हेच. मधे मृण्मयीचं. दिवसभर मी फक्त पाजते आहे आणि खरं सांगायचं तर मजेत आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी मागच्या पायरीवर पितळी वाटीत दूध! चतुराबाई गावाला असूनही सुनेला सांगून गेल्या म्हणायच्या. दूध अजून कोमट होतं. त्यात थोडं पाणी घालून पाजलं, तर तिघांनी ड्रॉपर सोडला नाही. वाटी घासली, चमचाभर साखर घालून भिंतीवर ठेवली. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे आईने शिकवलंय. संध्याकाळी वाटी गेलेली होती.

आल्हाद आज बियाण्यांच्या कामाला सटाण्याला गेला. पुढच्या गुरुवारी येईल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परवा वाटी, आज छोटी पातेली. परवा साखर घालून परत दिली, आज मूठभर शेंगदाणे.

एक विचित्र झालं. अकराला पाजलं होतं, दीडला पुन्हा गेले, तर तिघांची पोटं टम्म. पिलांची कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध पांढरं दिसतं. मी पाजलेलं तोवर जिरायला हवं होतं. तोंडं ओली होती. घरात मी आणि मृण्मयी. दोन्ही दारांना आतून कडी. मीच वेळ विसरले असेन. झोप नाही ना पुरेशी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चतुराबाई सायखेड्याहून आल्या. मी भिंतीशी जाऊन दुधाबद्दल आभार मानले. त्यांचे फुलं तोडणारे हात थांबले. म्हणाल्या, कसलं दूध? सुनेला सांगायचंच राहिलं. आमची शेळी तर संक्रांतीलाच आटली.

मी सकाळी आलेली, घासून भिंतीवर ठेवलेली पातेली दाखवली. त्यांनी हात लावला नाही.

मग त्यांनी सांगितलं. दात यायच्या आत गेलेली मुलं जाळत नाहीत, पुरतात. भिंत व्हायच्या आधी ही जागा त्यांच्याच शेतात होती, आणि त्यांच्या घरची तीन पिढ्यांची तान्ही त्या जांभळाखाली आहेत. त्यांची स्वतःची पहिली मुलगीसुद्धा. म्हणाल्या, तितं त्यास्नी पाजनारी हाय कुनीतरी. आमी झाडाकडं बघत नाय, हाक मारत नाय, देत नाय, घेत नाय. तुमी तिचं घेतलं, ताई. वर साखर घालून भांडं धाडलं. म्हंजी येनंजानं सुरू झालं.

मी हसले. घरी येऊन मात्र दोन्ही कड्या पुन्हा पाहिल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

पायरीवर पुन्हा पातेली. दूध हुंगलं. शेळीचं नाही, म्हशीचं नाही, गाईचंही नाही. मी आई आहे, हा वास मला माहीत आहे. माझ्या ब्लाउजला येतो तोच.

दूध मोरीत ओतलं. पातेली घासली नाही, काही घातलं नाही, तशीच पालथी भिंतीवर ठेवली. संपलं आमचं येणंजाणं! घाबरले होते, पण रागही आला होता.

संध्याकाळी चतुराबाईंना सांगितलं. म्हणाल्या, रिकामं कशाला धाडलं वो? आता काय द्यायचं ते ती ठरवनार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पिलं नाहीत.

खोक्यावर फडकं होतं, त्याला सुतळी. मी बांधलेली गाठ तशीच. आतला कापूस गरम आणि मधे तीन खळगे. घरभर शोधलं, कपाटाखाली, गादीत, मोरीत. मांजर असतं तर फडकं फाटलं असतं.

तिची होती, घेऊन गेली असेल. असंच असू दे. एवढ्यावरच मिटू दे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मृण्मयी पीत नाही. सकाळपासून नाही. ताप नाही, रडत नाही. छातीशी घेतलं की तोंड फिरवते. पोट टम्म आहे. तोंडाच्या कोपऱ्यात पांढरं वाळलेलं.

मी तिला पाजलेलं नाही. माझ्या छातीला गाठी आल्यात, ठणकतंय, दूध साडीत गळतंय, आणि माझी मुलगी तृप्त झोपली आहे.

तीन पिलं नव्हती पुरेशी. मी रिकामं भांडं पाठवलं —

गंगाधरपंतांकडून सटाण्याला फोन लावला. आल्हाद शेतावर गेलाय. निरोप ठेवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

पायरीवर सूप.

वाटी नाही, पातेली नाही. सूप. नुकतं जन्मलेलं मूल ठेवतात तसलं, आणि आत मऊ जुनेर घडी करून अंथरलेलं. दूध नाही. काही आणलेलं नाही. फक्त भरून न्यायला —

तांदूळ घातले, नारळ, खण. हात जोडले. म्हटलं, चुकलं बाई, हे घे आणि माझं पोर सोड. आत येऊन कडी लावली. खिडकीतून पाहिलं, तर तांदूळ पायरीवर नीट ओतलेले, त्यावर नारळ, त्यावर खण. सूप रिकामं. जुनेर पुन्हा अंथरलेलं.

दहा वाजता

चतुराबाई रिक्षा आणायला धावल्यात. पुण्याला आईकडे जाते. पिशवी भरली. मृण्मयीला पदराने पोटाशी बांधलंय, ती माझ्या मांडीवर आहे. उजव्या हाताने लिहितेय, आल्हाद, तू वाचशील म्हणून. मला वेड लागलेलं नाही.

रिक्षा अजून नाही.

मृण्मयी जागी झाली. माझ्याकडे पाहत नाही. माझ्या खांद्याच्या वर, थोडं वर पाहते आणि हसते —

तोंड उघडलंय. ओठ चोखतात तसे — माझा पदर घट्ट आहे, छाती झाकलेली आहे, आल्हाद, मी पाजत नाहीये —

घसा हलतोय. घोट जातायत. मोजतेय, एकामागे एक —

हाक मारते, ऐकत नाही. गालावर दूध ओघळलं. गरम आहे —

पदराची गाठ सैल — मी घट्ट बांधली होती —

मांडीवर तिचं वजन कमी होतंय. दिसतेय, पण वजन — कुणी वरून उचलावं तसं — पेन ठेवते, दोन्ही हात हवेत, दोन्ही हा