आखाडा बबिताचा, कुत्री आखाड्याची

मी, उमाजी खंडोजी देवकते, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मेंढपाळी व शेती, राहणार राणीसावरगाव शिवारातील माझा स्वतःचा आखाडा, म्हणजे रानातली वस्ती, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे. एका कानाने कमी ऐकू येते, पण ते बऱ्याच वेळा सोयीचे पडते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणी भुलवलेले नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. असे वाक्य कागदात असावेच लागते, असे लेखनिकाने सांगितले. असू दे. पण हेच वाक्य एकतीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कागदात लिहवून घेतले होते, आणि तिथे ते साफ खोटे होते. त्याचा खुलासा पुढे येईल.

लेखनिक म्हणजे निकिता, आमच्या गावचे दुकानदार चन्नप्पा यांची नात. गंगाखेडला वकिली करते. मी बोलतो, ती ते कोर्टाच्या भाषेत बसवते. जिथे बसत नाही तिथे तसेच राहू दे, असे मी तिला बजावले आहे.

कलम पहिले: माझी माणसे. पत्नी हयात नाही. मुलगा भागवत परभणीला असतो, जमिनी घेऊन त्यांचे प्लॉट पाडून विकतो. सून दीपिका. मुलगी बबिता आणि तिची मुलगी अपेक्षा, वय नऊ महिने, जिला आम्ही ठकी म्हणतो. या मायलेकी माझ्याजवळ आखाड्यावर राहतात. बबिता पहिल्या बाळंतपणाला आली ती परत गेली नाही, कारण न्यायला कोणी आलेच नाही. मुलगी झाली असा निरोप गेल्यावर पूर्णेहून जावई गोपाळ यांचा एक फोन आला, "सवडीनं येऊ." नऊ महिने झाले, पाहुण्यांना सवड सापडलेली नाही. बारशाला बाळाची आत्या लागते, तीही आली नाही. म्हणून बबिताच्या आत्याने नाव ठेवले. ही आत्या म्हणजे माझी थोरली बहीण भिवराबाई, राहणार चारठाणा, तालुका जिंतूर. तिला मी अक्का म्हणतो.

कुत्री तीन. त्यांनाही माझ्या माणसांतच धरावे. वाघी सगळ्यांत म्हातारी. बबिताच्या लग्नात मी दहा मेंढ्या आंदण दिल्या, त्यांच्या मागोमाग ही सासरी गेली होती. बबिता बाळंतपणाला आली आणि आठव्या दिवशी वाघी पूर्णेहून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून, पायाचे तळवे सोलून घेऊन, आखाड्यावर हजर झाली. मेंढ्या मात्र पाहुण्यांनी ठेवून घेतल्या. दुसरा हवालदार, त्याच्यात कामापेक्षा आवाज जास्त. तिसरी भुरी, वय पाच महिने. हे मृत्युपत्र आज लिहिले जाते आहे ते हिच्या दातांमुळे.

कलम दुसरे: आखाडा. तीन एकर रान, विहीर, पत्र्याच्या दोन खोल्या, मेंढरांचा वाडा, बांधावरची मोठी बाभूळ. हे सगळे मी मेंढरे राखून, उन्हातान्हात पाय झिजवून, माझ्या नावाने घेतले आहे. यात वडिलोपार्जित काही नाही. आखाड्याला लागून आता मोठा रस्ता झाला. तो होईपर्यंत भागवतला इथे यायला धूळ लागत होती. रस्ता झाला आणि त्याला बापाची आठवण येऊ लागली.

हा आखाडा माझ्या मागे पूर्ण मालकीने बबिताचा. तिच्या मागे ठकीचा. यात भागवतचा, गोपाळचा किंवा भावकीतल्या कोणाचाही काडीचा संबंध नाही. बबिताला दुसरे छप्पर नाही. हे गेले तर ती लेकरू काखेला मारून कोणाच्या दारात उभी राहणार, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याने हरकत घेऊ नये.

कलम तिसरे: वर सांगितलेला खुलासा.

यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळे आखाड्यावर जमले होते. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, केली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यांचा नैवेद्य झाला. ठकीची झोळी बाभळीला टांगलेली होती, खाली वाघी. जेवणे चालू असतानाच भागवतने पिशवीतून एक साडी आणि एक कागद काढला. कागद हक्कसोडपत्राचा.

आमच्या भागातली रीत अशी की बहिणीने भावासाठी रानातला हक्क सोडायचा, भावाने तिला साडी नेसवायची, आणि दोघांनी म्हणायचे की माहेर शाबूत राहिले. जी बहीण सही करत नाही तिला पुढे दिवाळीला बोलावत नाहीत.

भागवत म्हणाला, "बबे, सही कर, साडी नेस. आपलं नातं ऱ्हायला पायजे."

बबिता ठकीला बोटाने आंबील चाटवत होती. तिने वर पाहिले नाही. "आन् लेकरू घेऊन मी ऱ्हाऊ कुठं, दादा?"

"परभणीला ये की. वरची खोली हाय."

"किती दिस?"

यावर भागवतने पाणी मागितले. तेवढ्यात माझी बहीण बोलली. ती पाच पांडवांपुढे बसली होती, तिथूनच म्हणाली, "भागवत, साडी कंच्या रंगाची आणलीस रं?"

"हिरवी हाय, आत्या. लय चांगली हाय."

"माझीबी हिरवीच व्हती," अक्का म्हणाली.

माझ्या हातात आंबिलीचा तांब्या होता. तो मला तोंडाला लावता येईना की खाली ठेवता येईना.

आमचे वडील वारले तेव्हा मी अक्काला चारठाण्याहून एस.टी.ने गंगाखेडला आणले. तिला लिहिता येत नव्हते. कशाचा कागद आहे हे मी तिला नीट सांगितले नाही. कचेरीतल्या साहेबांनी विचारले, "बाई, राजीखुशीनं देता का?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हणालो, "म्हण की अक्का, हो." ती हो म्हणाली. अंगठा उमटला. बाहेर येऊन मी तिला हिरवे लुगडे घेतले आणि स्वतःला मोठा दिलदार समजलो. दोन वर्षांत तिचा नवरा गेला. ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून पोरे वाढवत होती, आणि इथे तिच्या बापाच्या रानात मी एकटा पेरत होतो. मी तिला बोलावले नाही. याची मला लाज वाटते. हे वाक्य खरोखर लिहायचे का, असे निकिताने तीनदा विचारले. लिही म्हणालो.

ठकीचा जन्म झाला तेव्हा अक्का न बोलावता आली. काखेत गाठोडे, गाठोड्यात तेच लुगडे, घडी मोडलेली नाही. म्हणाली, "येवढी वर्सं पेटीत व्हतं. नेसायचं मनच झालं न्हाई. पोरीला झोळी कर." त्याच लुगड्याची झोळी बाभळीला आहे. सुती आहे, मजबूत आहे, अजून वीस लेकरे झोपतील.

आता कागदाचे. भागवतने तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आपलीच भज्जीची ताटली ठेवली होती. आमचे कोणाचेच तिकडे लक्ष नसताना भुरीने आधी ताटली चाटली, मग भज्जी लागलेला कागद. लक्षात येईपर्यंत मुद्रांकाचा एक कोपरा उरला होता. भागवतने काठी उचलली. मी म्हणालो, "काठी खाली ठिव. कुत्री माझी हाय. तिनं केलं ते म्या केलं, असं समज."

तो म्हणाला, "आबा, लोक म्हणतील म्हातारा चळलाय."

त्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या दवाखान्याचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे हेही सांगितले.

निकिताने नंतर समजावले की बाप जिवंत असताना आखाड्यापुरता तो कागद तसाही रद्दीच होता. पण बबिताला ते कुठे ठाऊक होते? अक्कालाही काही ठाऊक नव्हते. अशा कागदांचा सगळा जोर समोरच्या बाईला ठाऊक नसण्यावर असतो.

कलम चौथे: वडिलांचे रान, चार एकर, ज्याला आम्ही खालचे रान म्हणतो. यात पोरांचा जन्मापासूनचा वाटा असतो, तो मला कोणाला देता येत नाही की कोणाचा काढून घेता येत नाही, असे निकिता म्हणते. ठीक आहे. माझ्या वाट्याला जेवढे येईल तेवढे सगळे भिवराबाईला. हे बक्षीस नाही, उपकार नाही. तिचे तिला परत, तेही कमीच. त्या रानातली विहिरीकडची पट्टी तिच्याकडे यावी अशी माझी इच्छा आहे. लहानपणी ती तिथे बोरे गोळा करत असे.

कलम पाचवे: भागवत. साठ मेंढरे विकून त्याला परभणीत घर उभे करून दिले, तो त्याचा वाटा होता आणि तो त्याने उचलला आहे. आता त्याला माझी घोंगडी देतो. तो लहान असताना ती पांघरून माझ्याबरोबर रानात झोपायचा, मेंढरांची नावे घेताना झोपी जायचा. तो पोरगा मला अजून आवडतो. सोबत येळवशीची हिरवी साडीही परत द्यावी. ती दीपिकाने नेसावी, तिला शोभेल. दीपिकाशी माझे वैर नाही, वाद फक्त कुत्र्यांवरून आहे.

कलम सहावे: कुत्री व लेकरू. दीपिका म्हणते, "आबा, घरात तान्हं लेकरू हाय, ही कुत्री कुठंतरी सोडून या." तिची काळजी खोटी नाही, म्हणून नियम लिहून ठेवतो. तिन्ही कुत्र्यांना दर वर्षी सुई टोचावी. महारुद्र, जे जनावरांच्या दवाखान्यात आहेत, ते आखाड्यावर येऊन टोचतात, त्यांना चहा द्यावा. ठकी रांगत असेल तेव्हा कुत्र्यांच्या भाकरीच्या वेळी तिला उचलून घ्यावे, कारण ती त्यांच्या पातेल्यात हात घालते आणि वाघी लाजून बाजूला होते, त्यामुळे वाघी उपाशी राहते. हवालदार भुंकून ठकीला उठवतो, त्याची सवय जाणार नाही, ठकीनेच सवय करून घ्यावी. कुत्र्यांना साखळी लावू नये. कोणालाही विकू नये, सोडून येऊ नये. ज्याला आखाड्यावर कुत्री चालत नाहीत त्याने फाटकाबाहेर उभे राहून हाक मारावी.

कलम सातवे: जावई गोपाळ. त्यांना सवड सापडली तर बबिताने ठरवावे. ते आलेच तर आधी दहा मेंढ्या आणि त्यांची झालेली कोकरे वाड्यात घालावीत, मग पाणी मागावे. लेकीला बघायचे असेल तर लांबून बघावे, वाघीला ते आठवत असतील.

कलम आठवे: मी गेल्यावर बारा गावे जेवू घालू नयेत. भावकीला भज्जी-भाकरी पुरे. रडायचे त्याने रडावे, पण ठकी झोपली असेल तर हळू.

साक्षीदारांबद्दल. अक्काने हट्ट धरला. म्हणाली, "मी बसती साक्षीला. त्या कागदाला मी व्हते, ह्या कागदालाबी मीच."

निकिताने सांगितले, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही.

"मग रान ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "ह्या पोरीचा कागद माझ्या डोळ्यांपुढं व्हऊ दे. साक्ष लिव्ह."

मी म्हणालो, "न्हाई. तुझ्याकडून एकदा सोडवून घेतलं. दुसऱ्यांदा घेनार न्हाई."

यावरून आम्ही दोघे मेंढरे वाड्यात येईपर्यंत भांडलो. अशा भांडणाची तीस वर्षांची बाकी होती. शेवटी चन्नप्पांनी तोड काढली: साक्ष दुसऱ्यांनी द्यायची, अक्काने समोर बसून बघायचे. त्याप्रमाणे ती बाभळीखाली बसली आहे. ठकी झोळीत आहे आणि झोळीची दोरी अक्काच्या हातात आहे. दाराशी बबिता उभी आहे. माझ्यासमोर अंगठ्याची शाई आणि पेन दोन्ही ठेवले आहेत. मी चौथीपर्यंत शिकलो आहे, पेन घेतो.

मी पेन उचलल्यावर अक्काने दोरी थांबवली आणि मला विचारले, "उम्या, राजीखुशीनं द्यायलास का?"

मी कोणाच्या तोंडाकडे बघितले नाही. तिच्याकडे बघून म्हणालो, "हो, अक्का."

(सही) उमाजी खंडोजी देवकते

साक्षीदार: वरील सही आमच्या समक्ष झाली. वरील प्रश्न आणि त्याचे उत्तर आम्ही आमच्या कानांनी ऐकले. उत्तर द्यायला उमाजींना कोणी सांगितले नव्हते.

१. (सही) चन्नप्पा बसलिंगअप्पा हालगे, दुकानदार, राणीसावरगाव
२. (सही) महारुद्र नागनाथ फड, नोकरी जनावरांचा दवाखाना

लेखनिक: (सही) निकिता हालगे, वकील, गंगाखेड

ठिकाण: बबिताचा आखाडा, राणीसावरगाव शिवार
दिनांक: ९ जानेवारी २०२५