सुभेदारसाहेबांच्या उडत्या बश्या

मु. चिचोली, ता. तुमसर
फेब्रुवारी १९८४

श्रीयुत भोजराजभाऊ यांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे श्यामरावचा, एका हाताने नमस्कार (दुसरा हात खांद्याच्या वर जात नाही, कारण पुढे कळेल). तुमचं पोट आता कसं आहे? तुमची बहीण शकुन रोज विचारते, जसं काही मलाच नागपूरहून तार येते.

पत्राला कारण असं की आपल्या सत्यवतीला वरठीचं स्थळ आलं आहे. मुलगा कारखान्यात आहे, माणसं सरळ, पोरीलाही पसंत. मुलाचे वडील परसरामजी फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांना एकच नाद, ट्रॅप शूटिंग. आता शिकारीला बंदी, मग बंदुकीने मारायचं तरी काय, हा प्रश्न मलाही होताच. सुभेदार म्हणाले, ‘‘अजी, या रविवारी तुमच्याच तळ्यामागं, बोडीपलीकडं दाखवतो.’’ घरून निघताना सत्यवती हळूच म्हणाली, ‘‘बाबा, मले पोरगा पसंत हाय, तुमी फक्त पडू नका.’’

भाऊ, प्रकार मोठा नवलाचा आहे, लक्ष देऊन वाचा. जमिनीत खड्डा करून त्यात एक लोखंडी यंत्र बसवतात, तोच ट्रॅप. त्याच्या दांड्यावर चुनखडी आणि डांबराची बशी ठेवतात (हिला म्हणायचं कबूतर. पूर्वी म्हणे खरीच सोडत, ती बिचारी सुटली). आपण यंत्राच्या मागे उभं राहायचं, बंदुकीचा दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा, गाल त्याला टेकवायचा आणि ओरडायचं, ‘‘पुल!’’ (इंग्रजीत म्हणजे ‘ओढ’). तिकडे दोरी ओढली की बशी भर्रकन आपल्यापासून लांब पळते. डावीकडे की उजवीकडे, ते देवालाही माहीत नसतं. नेम बशीवर नाही, जरा पुढे धरायचा. छर्ऱ्याने टवका उडाला तरी बशी मेली. खायला काही मिळत नाही. मग एवढा आटापिटा कायले, असं मीही विचारलं. सुभेदार हसून म्हणाले, ‘‘एक फोडून पाहा.’’

मी आजोबांची दुनळी बंदूक उचलली. दस्ता अजून खांद्याला नीट लागला नव्हता, तोच बोडीच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, शकुन ओरडली, ‘‘अवो, जपून!’’ सुभेदारांच्या गड्याला, धनीरामला, ते ‘पुल’ ऐकू आलं. बशी उडाली, माझ्याकडून चाप दबला, दस्त्याने खांद्यात लाथ घातली आणि मी लाखोळीच्या शेतात बसलेला आढळलो. बशी पलीकडे अख्खी पडली. शकुनने ती कोंबड्यांच्या पाण्यासाठी उचलून आणली.

‘‘अजी श्यामराव, डोळे कायले मिटता? दोन्ही उघडे ठेवा!’’ सुभेदार म्हणाले. तिकडे सत्यवतीने पदरात तोंड लपवलेलं. ती रडून राहिली की हसून राहिली, ते कळेना. पोरीचं लग्न मोडतं या भीतीने मी पुन्हा उभा राहिलो. पुष्कळ बश्या सुखरूप गेल्या. मग एक मात्र, भाऊ, हवेतच काळी राख होऊन विखुरली! अंगात असं काही सर्रकन गेलं की मी पोरीचं लग्न, खांदा, सगळं विसरून ‘‘पुन्हा!’’ म्हणून ओरडलो (धनीरामने लगेच दोरी ओढली). सुभेदारांनी मला मिठी मारली, नेमकी त्याच खांद्याला. सोयरीक पक्की समजा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
श्यामराव

ता. क. खांद्यावर हळद लावली आहे. नव्या नवरदेवासारखा दिसतो, असं तुमची बहीण म्हणते.

ता. क. दुसरा. आनंदाच्या भरात सुभेदारांना मी सांगून बसलो, की पोरीचा मामा नागपुरात या खेळातला नावाजलेला नेमबाज आहे. येत्या रविवारी ते यंत्र घेऊन तुमच्याकडे येत आहेत. म्हणून वरचा मजकूर पाठ करा. शकुन म्हणते, लहानपणी फटाका वाजला की तुम्ही धानाच्या कोठीत लपायचे. तेव्हा कानात कापूस घालून ठेवा, आणि कोणी विचारलंच तर रोजच्या सरावाने कान गेले म्हणा.