पाठमोरी खुर्ची

प्रिय टिटवे,

पत्र पाहून तुला आधी हसू येईल. एक दिवसाआड फोन करणारी मावशी अचानक कागद का खराब करायला लागली? फोनवर तू मध्येच "हो गं मावशी" म्हणतेस, आणि ते ऐकलं की माझं पुढचं बोलणं राहूनच जातं. शनिवारपासून दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ताईच्या गुडघ्यावर बोलून फोन ठेवला. तुला येत्या शुक्रवारी दोन्हीकडे उत्तर द्यायचंय. एकीकडे आमची कंपनी, त्यातही माझाच विभाग. दुसरीकडे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांची ती सहकारी संस्था. पत्र त्याआधी हातात पडावं म्हणून कुरियरने पाठवतेय.

शनिवारी तुमच्या क्लबच्या बैठकीला तू मला जुनी सभासद म्हणून बोलावलंस, त्याचा आनंद अजून आहे. इतक्या वर्षांनी कॉलेजच्या त्या तळघरातल्या खोलीत पाऊल टाकलं. भिंतींचा रंग बदललाय, पण शेजारच्या झेरॉक्सच्या मशीनचा गरम वास तोच. आमच्या वेळी आम्ही आठच जण होतो. मॅनेजमेंट शिकून चार माणसांचं भलं होईल असंच काम शोधायचं, एवढाच क्लबचा उद्देश. बाकीचं कॉलेज आम्हाला 'पश्चात्ताप मंडळ' म्हणायचं. वसतिगृहातली माझी शेजारीण बँकेत जाणार होती. ती म्हणायची, पश्चात्ताप आम्हीपण करू की, पण आधी पगार तर हातात पडू दे, तुम्ही आगाऊच उरकून घेताय. आम्हीही हसायचो. आपण हसण्यासारखे आहोत हे माहीत असण्याचाही एक अभिमान असतो, तो आम्हाला भरपूर होता.

पाठमोऱ्या खुर्चीची कल्पना आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलाची, ज्याला आम्ही उंट म्हणायचो. ज्याला नोकरी ठरवायची असेल त्याने खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि बाकीच्यांनी मागून त्याच्याबद्दल एक-दोन वाक्यं बोलायची: हा कुठे घसरेल, याने कशाला जपावं. बसलेल्याने उत्तर द्यायचं नाही, आणि कोण काय बोललं हे नंतर विचारायचं नाही. पाठीमागे बोलायची अशी राजरोस सोय दुसऱ्या कुठल्याच क्लबात नव्हती. चेहरा दिसत नसला की माणूस खरं बोलतो, असं उंटाचं म्हणणं. ते अर्धंच खरं आहे, हे मला शनिवारी कळलं.

माझी पाळी आली तेव्हा सगळे गोड बोलले. मेहनती आहे, तब्येतीला जप, वगैरे. मग उंटाचा आवाज आला: "हिला नाही म्हणता येत नाही. जिथे रोज नाही म्हणावं लागेल, तिथे हिला पाठवू नका." माझे कान तापले. पुढे परीक्षा संपेपर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही. आणि रंगाच्या कंपनीचं सामाजिक जबाबदारीचं खातं मी जे घेतलं, त्यात थोडी त्याची जिरवायची हौसही होती, असं आता वाटतं. बाहेर उभं राहून ओरडण्यापेक्षा आत शिरून बदल घडवावा, असं मी तेव्हा सगळ्यांना पटवून द्यायचे. स्वतःलाही.

मागच्या वर्षी दातांच्या दवाखान्यात तो भेटला. विमा कंपनीत आहे, पोट सुटलंय, वाकून चालतो. मी त्याला ते वाक्य म्हणून दाखवलं. त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "मी? मी असं म्हणालो होतो?" मग म्हणाला की त्या वर्षी तू माझ्याशी बोलत का नव्हतीस, ते आज कळलं. आम्ही दोघंही हसलो. घरी आल्यावर मात्र मला ते हसण्यासारखं वाटेना. ज्या वाक्याशी मी वीस वर्षं मनातल्या मनात भांडत आले, ते बोलणारा कधीच विसरून गेला होता, आणि वाक्य तेवढं खरं निघालं होतं.

माझं काम फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. तो खोटा नम्रपणा होईल. शाळांना बाकं मिळाली, तपासण्यांमध्ये काही दुखणी वेळेवर सापडली. पण मागच्या उन्हाळ्यात तू महिनाभर शिकायला माझ्या हाताखाली होतीस, तेव्हाचं कारखान्यामागच्या वस्तीतलं शिबिर आठव. शाळेच्या वर्गात मांडलेली टेबलं, छाती तपासून घ्यायला रांगेत उभ्या बायका, दाराशी आमच्या कंपनीचा फलक. डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाची बाटली एका आजीबाईंच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, औषध मी देतो, पण धूर तुमच्याकडचाच ना?" कंपनीची माणसं हसली. मीही हसले. इतकी वर्षं मी अशाच वेळी हसत आलेय. त्यामुळे कुणाला वाईट वाटत नाही आणि बैठक पुढे सरकते. धुराचा विषय मी वर काढला नाही असं नाही. दर वेळी वरचे साहेब पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि मी बरं म्हटलं.

त्या दिवशी तू लगेच हसली नाहीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. कपाळाला आठी पडलेली, तोंड उघडलेलं, आता ही त्या डॉक्टरांना काहीतरी विचारणार असा. टिटवी हे नाव तुला उगीच पडलेलं नाही. लहानपणी पाहुणे आले की तुझ्या प्रश्नांनी ताईची तारांबळ उडायची. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी हसतेय हे पाहिलंस. आणि मग तूही हसलीस.

तेवढंच घडलं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण मला तो लाल स्वेटर आठवला. तू सात-आठ वर्षांची असताना मी विणलेला, एक बाही लांब, लोकर स्वस्तातली आणि बोचरी. ताई सांगायची की गळ्याभोवती पुरळ आलंय तरी पोरगी काढू देत नाही, मावशीने केलाय म्हणते. तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. मी ते चार जणांना सांगत सुटले होते.

शनिवारी तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. तुझे मित्र चांगलं बोलले, तो जाड चष्म्याचा मुलगा तर फारच. सगळ्यांचं बोलून झालं. तुझी मान किंचित डावीकडे झुकली, मी बसले होते त्या बाजूला. तू माझ्या आवाजाची वाट पाहत होतीस. माझ्याकडे वाक्य तयार होतं आणि मी ते बोलले नाही. तुझी नुसती पाठ दिसत होती, तरीही. संध्याकाळी तुझा फोन आला की मावशी, तू काही बोलली नाहीस, म्हणजे तुझी हरकत नाही ना, मग मी तुझ्याकडेच येते. त्यावर मी काय म्हटलं? "बरं."

त्या वेळी गप्प बसण्याची कारणं मी रोजनिशीत लिहिली आणि खोडली. ताई खूश आहे, हे एक. ती म्हणते की एवढं शिकून शुश्रूषेच्या बायकांच्या पाळ्या लावत बसायचं का, त्यापेक्षा मावशीच्या डोळ्यांसमोर राहील. तू माझा दिवस रोज जवळून पाहशील याची भीती, हे दुसरं. ते खोडायला नको होतं. आणि तिसरं लिहायलाच धीर झाला नाही: तू यावीस असं मला फार वाटत होतं. तुझं नाव वर मीच सुचवलं. माझ्या टेबलासमोरचं फायलींचं कपाट हलवून खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी मोकळी करून घेतली. आमच्या शिपायाला मी सांगितलंही की इथे माझी भाची बसणार आहे. काल ते कपाट पुन्हा जागेवर ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, एकदा नीट ठरवा ना. ठरवलंय.

आता एक कर. खुर्ची खिडकीकडे वळव आणि बस. शनिवारी जे बोलायचं राहिलं, त्याच्यासाठीच हे पत्र लिहिलंय. मी तुझ्या मागे बसलेय असं समज. ही मुलगी परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणते, पण आपल्या माणसाला म्हणू शकत नाही; अंगावर पुरळ येईपर्यंत सोसते. तेव्हा हिला आपल्या माणसाच्या हाताखाली पाठवू नका, आणि माझ्या हाताखाली तर मुळीच नको. नियम तुला पाठ आहेत. मला उत्तर द्यायचं नाही. शुक्रवारी जे सांगायचं ते ज्यांना सांगायचं त्यांनाच सांग. आणि कोण बोललं हे विचारायचं नाही. आवाज तू ओळखशीलच.

तुझीच,
मावशी