पुकारलेलं वजन

३ ऑगस्ट
काटा आला! बाबांनी गोदामातून खांद्यावर वाहून आणला, वर्गात ठेवून पुसला. मोठ्या बाईंना म्हणाले, “पोती मोजणाऱ्याची पोर, पण घरातली पहिली ग्रॅज्युएट!” मेल्याहून मेल्यासारखं झालं — आणि बरंही वाटलं.

पहिलीच्या माझ्या अडतीस मुलांची वजनं आता दर महिन्याला. कुणाचं कमी, कुणाचं जास्त, वेळीच कळेल. पद्धत बाबांची. आकडा मोठ्यानं पुकारायचा, लगेच लिहायचा. “म्हणजे घोळ होत नाही.”

पुकारले. एकोणीस. एकवीस. सतरा. मग बबडी — तिची आई गेटवर याच नावानं हाक मारते. चौतीस!

वर्ग खो खो हसला. तीही हसली. मुलंच ती. विसरतील.

६ ऑगस्ट
विसरले नाहीत. ‘चौतीस’ हेच तिचं नाव झालंय. लंगडीत घेत नाहीत — “चौतीस अंगावर पडली तर आपली चटणी!” मी रागावले. आता हळू आवाजात म्हणतात, एवढंच.

११ ऑगस्ट
बबडी एका मुलीला चावली. रक्त आलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “जाडी पोरं हट्टीच असतात हो. नोंदवहीत ‘आक्रमक’ लिहा.”

शाळा सुरू झाली तेव्हा रडणाऱ्या मुलांचे हात धरून हीच बसायची! दोन महिन्यांत आक्रमक? की आठ दिवसांत? पेन उघडलं, लिहिलं नाही.

१८ ऑगस्ट
शिपाईमावशी तणतणत आली. “हात धुवायची मोरी रोज तुंबतेय, बाई. अख्खे घास निघतात! कुणाला एवढा माज आलाय?”

बबडीचा डबा रोज लख्ख असतो. “मोरीत घास तू टाकतेस का?” विचारलं. जमिनीकडे बघत म्हणाली, “घरी जेवून येते ना, बाई.”

उद्या तिच्या आईला विचारते.

२१ ऑगस्ट
उद्या-उद्या करत तीन दिवस घालवले. घाबरत होते. आज आईनंच गाठलं.

“शाळेत नीट जेवते ना हो? घरी घास शिवत नाही. म्हणते, बाईंनी शाळेतच पोटभर जेवायला सांगितलंय.”

मी असं कधीच म्हटलं नाही! म्हणजे इथंही नाही, तिथंही नाही. किती दिवस? खरं सांगितलं.

२२ ऑगस्ट
प्रार्थनेत बबडी कोसळली. दवाखान्यात सलाईन. सहा वर्षांचा हात, त्यात सुई. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत.” वेळेवर!

२३ ऑगस्ट
काल रात्री बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, “अगं, पोत्यांना कान नसतात. म्हणून पुकारतो.”

आज सकाळीच जाऊन त्यांनी काटा परत नेला.

२९ ऑगस्ट
बबडी आली! मी शेजारी बसले. तिनं अर्धा डबा खाल्ला. पाठीवरून हात फिरवला, जीव भांड्यात पडला.

डबे झाल्यावर मैदानात रांग दिसली. मुलांनी बूट काढून ठेवलेले. पुढं बबडी. एकेकाला कमरेत धरून उचलते, अंदाज घेते, आकडा पुकारते. सगळे हसतात. उचललेलं मूल खाली मान घालून बाजूला होतं.

पुकारताना ती हुबेहूब माझा आवाज काढते.