सुनेचे गर्भाशय फंडाच्या अवयवांत धरण्याबाबत

दिनांक : १० मार्च १९७५

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी साहेब,
श्री मल्लय्या स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल,
सोलापूर.

विषय : माझी सून महादेवी, वाइंडिंग खाते, हिचे गर्भाशय गिरणीच्या आजारपण फंडात अवयव म्हणून धरून ऑपरेशनची चिठ्ठी मिळणेबाबत.

संदर्भ : फंडाच्या कारकुनाने लिहिलेले तीन अर्ज. तिन्हींत दुखणे खोटे आहे.

अर्जदार : काशम्मा गुरुसिद्धप्पा बिराजदार, मु. कुंभारी.

महोदय,

सविनय अर्ज करते की, पहिली तक्रार दुखण्याची नसून आपल्या फंडाचा कारकून शिवयोगी याच्या वागणुकीची आहे. सदर इसम माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा आहे आणि माझ्याच शब्दावर गिरणीत चिकटला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी आपल्या कानाला लागायला नको. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्या मोत्यासारख्या अक्षरात तो खोटं लिहितो. पैसे खाऊन लिहितो असं मी म्हणत नाही. लाजून लिहितो.

१. महादेवी लग्न होऊन आली त्या वर्षापासून आपल्या गिरणीत आहे. त्याच खात्यात मी बायांवर मुकादम होते, तेव्हा काम काय असतं ते मला कुणी शिकवू नये. भरलेल्या बॉबिनच्या टोपल्या उचलून उचलून दिवाळीपासून तिचं अंग खाली उतरतं. म्हणजे गर्भाशय आपली जागा सोडून बाहेर येतं. ती ते हातानं आत सारते, पदर खोचते आणि मशिनीवर उभी राहते. साहेब, वाचताना आपल्याला कसंसं होत असेल, तर उभी राहणारीला काय होत असेल याचाही विचार व्हावा.

२. कामगाराचा अर्ज फंडाच्या कारकुनानंच लिहावा असा आपला नियम आहे. म्हणून तिला शिवयोगीकडे पाठवलं. तिनं बिचारीनं कानात सांगितलं. हा टोमॅटोसारखा लाल झाला आणि त्यानं लिहिलं, ‘कंबरदुखी.’ कंबरदुखी म्हटल्यावर फंडाचं काम घोड्यावर! चौथ्या दिवशी कातड्याचा कंबरपट्टा मंजूर होऊन आला. कंपाउंडरनं तो करकचून आवळला. वरून आवळल्यावर खालचं आणखी खाली जातं, हे पिठाची पिशवी बांधणाऱ्या पोरीलाही कळतं. तिला चालता येईना.

३. दुसऱ्या खेपेला त्यानं लिहिलं, ‘पोटाची तक्रार.’ एरंडेलाची बाटली मिळाली. त्यानं काय झालं ते मी लिहीत नाही, कारण आपण जेवायच्या आधी हा अर्ज वाचला तर दोष मला लागेल.

४. तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेले आणि दुखण्याचं नाव मोठ्यानं सांगितलं. कचेरीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. शिवयोगी म्हणाला, “आत्या, हळू की! हितं माणसं बसल्यात.” मी म्हटलं, “माणसं बसल्यात म्हणूनच सांगतीय, खुर्च्यांना सांगून काय करू?” तरी त्यानं लिहिलं, ‘स्त्रीवर्गाचे दुखणे.’

५. तो कागद फंड कमिटीपुढं गेला. गेला म्हणजे दारापर्यंत गेला. कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब यांनी हुकूम केला की खोलीत गणपतीची तसबीर आहे, सबब असला कागद आत आणू नये. महादेवी दाराबाहेर उभी, तिचा अर्ज दाराबाहेरच्या स्टुलावर, आणि पाच पुरुष आत बसून न वाचलेल्या कागदावर विचार करत होते. शेरा आला : ‘दुखणे घरगुती आहे. गिरणीच्या कामाशी संबंध नाही.’

६. साहेब, आम्ही लिंगायत. आमच्यात विटाळ धरत नाहीत. बाई बाजूला बसलेली असो की बाळंतीण असो, गळ्यातलं इष्टलिंग उतरवत नाही, तळहातावर घेऊन पूजा करते. देवाला चालतं. आपल्या फंडाला चालत नाही. तरी कृपा करून कळवावं की आपला फंड देवापेक्षा किती सोवळा आहे.

७. शेऱ्याबद्दल बोलायचं तर, मागच्या साली वीव्हिंग खात्यातल्या निंगप्पाचं आतडं खाली उतरलं. हर्निया. तो फंडाच्या खर्चानं ऑपरेशन होऊन आला, गेटवर नारळ फुटला, आबासाहेबांनी हार घातला. निंगप्पानं सुताचा जड बीम उचलला, महादेवीनं टोपली उचलली. दोन्हींतलं सूत आपलंच. मग पुरुषाचं आतडं उतरलं तर ते गिरणीमुळं आणि बाईचं गर्भाशय उतरलं तर ते माझ्या मुलामुळं, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? मी मराठी तिसरीपर्यंतच गेले, म्हणून विचारते.

८. आणि गर्भाशय गिरणीला माहीतच नाही असंही नाही. कुटुंबनियोजनाची लाल त्रिकोणाची गाडी आली तेव्हा याच फंडानं बायकांना रजा दिली, वर स्टीलचा डबा दिला. पोर होऊ नये म्हणून त्या जागी हात घालायला फंड तयार, तीच जागा खाली आली की फंडाला ती ओळखू येत नाही. यंदा महिला वर्ष म्हणून गेटवर जी मोठी कापडी पट्टी लावली आहे, ती महादेवीनं आणि खात्यातल्या बायांनी शिवली. उभ्यानं शिवली, कारण तिला बसवत नाही.

९. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून ऑपरेशन लवकर करा, नाहीतर घासून झालेली जखम चिघळेल, असं सांगितलं आहे. इकडं खात्यात माणसं लावणारा जॉबर म्हणतो, एक तारखेला मशिनीवर नीट उभी राहिली नाही तर जागा दुसरीला. तेव्हा तिनं आधी बरं व्हावं की आधी उभं राहावं, याचाही खुलासा व्हावा.

सबब माझी मागणी एवढीच : फंडाच्या अवयवांत गर्भाशय धरावं. कमिटीत ते अंगी असलेली एक तरी बाई घ्यावी. महादेवीला चिठ्ठी आणि रजा या आठवड्यात मिळावी, आणि परत येईपर्यंत तिची जागा राखावी. हे जमत नसेल तर गेटवर नोटीस लावावी की, बायांनी कामावर येताना गर्भाशय घरी ठेवून यावं, आत फक्त दोन हात आणि भाकरीचं फडकं आणावं. आणि पगारातून फंडाची कपात करताना घरी ठेवलेल्या भागाचे पैसे कापू नयेत.

हा अर्ज नियम मोडून मी स्वतः लिहिला आहे. ज्या ज्या पुरुषानं लेखणी धरली त्यानं दुखणं बदललं. काना-मात्रा चुकली असेल तर माफी असावी. दुखणं चुकलेलं नाही.

उत्तराची वाट आपल्या दारातच बसून बघणारी,

काशम्मा गुरुसिद्धप्पा बिराजदार
(सही माझी आहे, अंगठा नाही.)

सोबत : १) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. २) कंबरपट्टा, परत. ३) एरंडेलाची बाटली, निम्मी. उरलेली आबासाहेबांनी घ्यावी.

ता. क. : हा अर्ज द्यायला आज कचेरीत आले. शिवयोगीनं विषय वाचला, कागद पालथा घातला आणि म्हणाला, “आत्या, तेवढा एक शब्द काढा, मी नीट लिहून देतो.” महादेवी भिंतीला धरून उभी होती. तेव्हा सगळ्या कचेरीदेखत त्याला जे बोलले ते इथं लिहून ठेवते, म्हणजे आपल्यापर्यंत पोचताना त्यातही बदल नको :

“शिवयोगी, वर बघ. तू पोटात हुतास, आठवा म्हैना हुता, तवा स्वामी घरी आले आन् तुझ्या नावाचं इष्टलिंग तुझ्या आईच्या पोटावर बांधून गेले. मी ताट धरून उभी हुते. देव तुला पैल्यांदा भेटाया आला तो त्या जागी, आन् त्याला लाज वाटली न्हाय. तुला वाटती. कागद सुलटा कर, त्याच्यावर आवकचा शिक्का मार, आन् तुझ्या मोत्यावानी अक्षरात वहीत लिही : गर्भाशय. का तुझ्या आईनं तुला कमरेतनं काढला व्हय रे?”